हेल्मेट काढणारे शास्त्रज्ञ

क्षयरोगाच्या जंतूंची वाढ करून तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत मी जैवसुरक्षेचं प्रशिक्षण देते. नवीन तंत्रज्ञ रुजू झाले की नियमांची पुस्तिका हातात देण्याआधी त्यांना रिडली स्कॉटच्या 'प्रोमिथियस' या विज्ञानपटातला एक प्रसंग दाखवायचा, हा माझा शिरस्ता. कुठल्याशा दूरच्या उपग्रहावर शास्त्रज्ञांची तुकडी उतरते, परक्यांनी बांधलेल्या घुमटात शिरते. आतली हवा श्वास घेण्याजोगी आहे असं उपकरणं सांगतात आणि हॉलोवे हा शास्त्रज्ञ सरळ हेल्मेट काढतो. त्याची सहकारी शॉ त्याला अडवू बघते, पण तो ऐकत नाही. त्याला काही झालं नाही हे बघून बाकीचेही हेल्मेट काढतात.

इथे मी चित्र थांबवते आणि विचारते, "उपकरणांनी काय मोजलं?" हवेतले वायू, असं उत्तर लगेच येतं. "आणि काय मोजलं नाही?" यावर मात्र वर्ग विचारात पडतो, आणि तिथून माझा तास सुरू होतो.

त्या दिवशीच्या तुकडीत एक मुलगा होता. हा चित्रपट त्याचा आवडता. त्याने हात वर केला. "मॅडम, खरी माणसं अशीच वागतात की. माझ्या आधीच्या लॅबमध्ये निम्म्या लोकांचा मास्क हनुवटीवर असायचा."

मुद्दा बिनतोड वाटावा असा होता. पण मास्क हनुवटीवर येतो तो सवयीने. वर्षानुवर्षं काही झालेलं नसतं, म्हणून भीड चेपते. ही माणसं तर त्याच दिवशी उतरलेली, आणि कुणाही माणसाचा पाय आधी न लागलेल्या जागी. त्यांना सवय कसली? आणि मला खरी बोचणारी गोष्ट पुढेच आहे. हेल्मेट काढण्याचा चित्रपटात परिणाम काहीच होत नाही. हॉलोवेला संसर्ग होतो तो डेव्हिड या यंत्रमानवाने त्याच्या पेयात बोटाने सोडलेल्या काळ्या द्रवाच्या थेंबातून. म्हणजे चूक दाखवली आणि तिची किंमत कुणालाच मोजायला लावली नाही. जीवशास्त्रज्ञ मिलबर्न नागासारखा फणा काढणाऱ्या अनोळखी प्राण्याला लाडाने हात लावायला जातो, त्याची किंमत मात्र तो लगेच मोजतो. पण तोवर त्याच्यासाठी घाबरावं असं प्रेक्षकाला काही उरलेलं नसतं.

हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी इतकी हळहळले नसते. १९७९ च्या 'एलियन'मध्ये याच दिग्दर्शकाने विलगीकरणाच्या नियमावर अख्खा चित्रपट उभा केला होता. यानावरच्या केनच्या चेहऱ्याला काहीतरी चिकटलंय, कप्तान डॅलस दाराबाहेरून आत घ्यायला सांगतोय, आणि रिप्ली आतून नकार देते: चोवीस तासांचा नियम आहे, आत घेतलं तर सगळेच मरू. ती निष्ठुर वाटते, पण बरोबर असते. मग यानावरचा विज्ञान अधिकारी ॲश दार उघडतो. त्या एका क्षणापासून पोटात जो गोळा येतो, तो शेवटपर्यंत जात नाही, कारण नियम काय होता आणि तो कुणी मोडला हे आपल्याला माहीत असतं. १९८२ च्या 'ब्लेड रनर'नंतर स्कॉट विज्ञानकथेकडे परतला तो तीस वर्षांनी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. 'प्रोमिथियस'मधून तो 'एलियन'च्याच विश्वात परततोय म्हटल्यावर मी किती आशेने गेले होते! आणि बघायला मिळाले दाराशी थबकणं विसरलेले शास्त्रज्ञ.

हे बोलणं अर्धवट राहिलं, कारण दुपारी मुलांना आतली खोली दाखवायची होती. नव्यांना आत जाता येत नाही, ती काचेबाहेरून बघतात. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे दार उघडलं तरी हवा आत जाते, बाहेर येत नाही. ताई आमच्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. त्यांनी थुंकीचे नमुने सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे ट्यूब वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात, लावले होते. मी इंटरकॉम चालू ठेवून त्यांच्या हालचाली समजावून सांगत होते.

मध्येच यंत्राचा आवाज बदलला. एकसुरी घूं घूं होती तिथे खडखड ऐकू आली, असमतोलाचा दिवा लागला आणि यंत्र आपणहून थांबू लागलं. ताईंनी झाकणाकडे हातही नेला नाही. बटण बंद केलं, घड्याळ बघितलं, इंटरकॉमवर म्हणाल्या, "ट्यूब गेली बहुतेक. बाहेर येते." मधल्या खोलीत ठरल्या क्रमाने ग्लोव्हज आणि गाऊन उतरवला, अगदी शेवटी मास्क, हात धुतले, बाहेर येऊन दारावर 'प्रवेश बंद'ची पाटी लावली.

"आता?" त्या मुलाने विचारलं.

"आता तीस मिनिटं."

ट्यूब फुटली असेल तर आत सूक्ष्म तुषार उडालेले असतात. त्यातले मोजक्या मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण हवेत तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. क्षयाची लागण व्हायला फार जंतू लागत नाहीत. म्हणून झाकण बंद ठेवून कण खाली बसू द्यायचे. हे सगळं पुस्तिकेत एका ओळीत आहे. पण त्या दिवशी मुलं काचेला चिकटून त्या करड्या झाकणाकडे बघत होती. मघाशी चित्रपट बघताना त्यातल्या कुणाचाही चेहरा असा झाला नव्हता. एकीने हळूच विचारलं, आत नक्की काय झालं असेल? ताई म्हणाल्या, "ते उघडल्यावरच कळेल. आणि उघडायचं आपण ठरवू तेव्हा." मला वाटतं, 'एलियन'ची पहिली पाऊण तास पटकथा या दोन वाक्यांत बसते.

तीस मिनिटं झाल्यावर ताई पुन्हा पूर्ण तयारीने आत गेल्या. झाकण उघडलं, नमुन्यांची सीलबंद बादली जशीच्या तशी उचलून बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, म्हणजे हवा गाळून सोडणाऱ्या बंदिस्त कपाटात, नेली आणि तिथेच उघडली. एका ट्यूबला तळाशी तडा गेला होता. द्रव बादलीतच साठलेला होता, सील शाबूत. चिमट्याने तुकडे उचलले, जंतुनाशक ओतलं, सगळं ऑटोक्लेव्हला, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायला, पाठवलं. बाकीच्या ट्यूब ठीक होत्या. फुटलेला नमुना ज्या रुग्णाचा होता त्याला पुन्हा बोलवावं लागणार होतं. आधीच खोकून दमलेल्या माणसाला पुन्हा थुंकी द्यायला सांगायचं, हे ताईंना फार लागलं. फोन त्यांनी स्वतः केला.

संध्याकाळी अपघाताची नोंद लिहीत होते तेव्हा तो मुलगा टेबलापाशी आला. चित्रपट त्याच्या डोक्यातून गेलेला नव्हता. "मॅडम, पण मग व्हिकर्सचं काय? ती तर नियमच पाळते."

या प्रश्नाने मला आनंद झाला. आजारी हॉलोवेला यानात घ्यायला व्हिकर्स, मोहिमेवरची कंपनीची प्रमुख, साफ नकार देते, ज्वालाफेकी घेऊन रॅम्पवर उभी राहते, आणि तो स्वतःच पुढे येतो तेव्हा त्याला जाळते. रिप्लीचाच निर्णय, तेहतीस वर्षांनी, जास्त क्रूर रूपात. नियम धरून चालणारं माणूस त्या यानावर जवळजवळ ती एकटीच, आणि चित्रपटाला ती थंड काळजाची बाई यापलीकडे दिसतच नाही. तिच्या निर्णयाची कथा केली असती तर? त्या मुलाने शॉच्या शस्त्रक्रियेची आठवण काढली. तो प्रसंग मलाही जबरदस्त वाटतो. शस्त्रक्रिया करणारं ते यंत्र फक्त पुरुष रुग्णासाठी बनवलेलं, म्हणून शॉला पोटातली 'बाहेरची वस्तू' काढायची आज्ञा स्वतः भरावी लागते. नियम, वेळ आणि देह एकमेकांवर दाबले जातात आणि हात खुर्चीत रुततात. स्कॉटची ताकद गेलेली नाही, हे त्या काही मिनिटांत दिसतं. मग पोटाला टाके घातलेली, रक्ताने माखलेली शॉ लोकांनी भरलेल्या खोलीत येते, आणि तुला काय झालं म्हणून तिला धड कुणी विचारत नाही. चांगल्या प्रसंगाला असं वाऱ्यावर सोडलेलं मला बघवत नाही.

पुढच्या तुकडीपासून मी हेल्मेटचा प्रसंग बंद केला. आता दोन दारं दाखवते, रिप्लीचं आणि व्हिकर्सचं, आणि तुम्ही कुणाला आत घेतलं असतं ते प्रत्येकाला कारणासकट सांगायला लावते. तास लांबतो, वाद होतात, पुस्तिका बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीच उघडते.