मलेशियातली मैदाने, राहिलेली आणि गेलेली

क्वालालंपूरहून क्लांगच्या दिशेने निघाले की तासाभराच्या आत पांडामारान नावाच्या वस्तीत पोहोचता येते. तिथल्या बायुएमास ओव्हल या क्रिकेटच्या मैदानाचे नाव मी मलेशियात राहायला येईपर्यंत ऐकलेही नव्हते. २ फेब्रुवारी २०२५ च्या रविवारी मात्र आम्ही चार मराठी कुटुंबे छत्र्या, पाण्याच्या बाटल्या आणि डबाभर थालीपिठे घेऊन तिथे गेलो, कारण एकोणीस वर्षांखालील मुलींच्या टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि भारताची गाठ दक्षिण आफ्रिकेशी होती. दक्षिण आफ्रिकेचा डाव ८२ धावांत आटोपला आणि जी. त्रिशा व मुंबईची सानिका चाळके या दोघींनी नाबाद राहून बाराव्या षटकातच सामना संपवला. आम्ही सीमारेषेच्या इतक्या जवळ होतो की चेंडू बॅटच्या मधोमध बसला की कडेला लागला, हे नुसत्या आवाजावरून कळत होते. वानखेडेवर वरच्या मजल्यावर बसून मी कितीतरी सामने पाहिले, पण हा आवाज मला तिथे कधी ऐकू आला नव्हता. माझी अकरा वर्षांची लेक त्या दिवसापासून बॅट मागते आहे.

भारतीय क्रिकेटरसिकांच्या मनात मलेशियाचे खरे मैदान म्हणजे पुचोंगचे किनरारा ओव्हल. विराट कोहलीच्या संघाने २ मार्च २००८ रोजी एकोणीस वर्षांखालील मुलांचा विश्वचषक जिंकला तो तिथेच, आणि तोही दक्षिण आफ्रिकेलाच डकवर्थ-लुईस नियमाने १२ धावांनी हरवून. इथे आल्यावर ते मैदान पाहायचेच असे मी ठरवले होते. परंतु जागेच्या मालकीचा वाद न्यायालयात गेला, निकाल क्रिकेट संघटनेच्या विरोधात लागला आणि क्रिकेटला तिथून उठावे लागले. ज्या खेळपट्टीवर आपल्याकडच्या एका पिढीचा कर्णधार घडला ती आता खेळासाठी उरलेली नाही, याची हळहळ मला अजून वाटते.

मोठ्या क्रीडासंकुलांची गोष्ट निराळी आहे. १९९८ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी क्वालालंपूरच्या दक्षिणेला बुकित जलील येथे राष्ट्रीय स्टेडियम, जलतरण तलाव, हॉकीचे मैदान आणि बंदिस्त क्रीडागृह असे सगळे एकाच आवारात बांधले गेले. स्टेडियममध्ये ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक मावतात. या आवाराचे मला सर्वांत आवडते ते म्हणजे त्याच्या दाराशीच असलेले रेल्वे स्थानक. फुटबॉलचा सामना सुटला की पिवळ्या जर्सीतले हजारो लोक स्थानकाकडे वळतात, वाटेवरच्या गाड्यांवर बर्गरची अंडी तव्यावर पसरत असतात, आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन रांगेत उभे असतात आणि तासाभरात सारी गर्दी ओसरते. गाडी कुठे लावायची या विवंचनेत सामन्याची शेवटची दहा मिनिटे सोडून निघावे लागत नाही, हे सुख आपल्या शहरांतल्या क्रीडारसिकांनाही मिळायला हवे असे मला मनापासून वाटते.

त्याच आवारातल्या हॉकीच्या मैदानावर २००२ चा विश्वचषक झाला आणि खडकीचे धनराज पिल्ले आपल्या चौथ्या विश्वचषकात तिथे खेळले. भारत त्या वेळी दहाव्या स्थानावर राहिला. शेजारच्या बंदिस्त क्रीडागृहाला अलीकडेपर्यंत आशियाटा अरेना म्हणत. दरवर्षी जानेवारीत तिथे मलेशिया ओपन बॅडमिंटन स्पर्धा भरते आणि २०२४ मध्ये मुंबईचा चिराग शेट्टी व सात्विकसाईराज रंकीरेड्डी या जोडीने तिथे अंतिम फेरी गाठली होती. वातानुकूलन यंत्रणेच्या झोताने फूल (शटल) एका बाजूला हलकेच सरकते, त्यामुळे कोर्टाची बाजू बदलली की खेळाडूला आपला अंदाजही बदलावा लागतो, हे मला तिथे बसून पाहिल्यावर प्रथमच नीट समजले. बॅडमिंटनचे वेड या देशाच्या हाडीमांसी खिळलेले आहे. आमच्या घराजवळच्या औद्योगिक वसाहतीत जुन्या गोदामांत कोर्टे आखली आहेत आणि रात्री अकरापर्यंत ती रिकामी मिळत नाहीत. या खेळाचे सुरुवातीचे नियम पुण्याच्या लष्करी छावणीत तयार झाले आणि एके काळी तो ‘पूना’ याच नावाने ओळखला जात होता, हे मी शेजाऱ्यांना सांगते तेव्हा त्यांचा चटकन विश्वास बसत नाही.

क्वालालंपूरजवळच्या शाह आलम शहराचे स्टेडियम १९९४ मध्ये मोठ्या थाटात उभे राहिले होते. सुमारे ऐंशी हजार प्रेक्षकांची ती वास्तू देखभालीअभावी खंगत गेली, बंद पडली आणि अखेर पाडली गेली. तिच्या जागी लहान स्टेडियम येणार आहे.

राहिले ते क्वालालंपूरचे मर्देका स्टेडियम. देशाचे पहिले पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी ३१ ऑगस्ट १९५७ रोजी मलायाच्या स्वातंत्र्याची घोषणा केली ती याच ठिकाणी. तिथे व्यापारी संकुल उभारण्याची योजना नव्वदच्या दशकात पुढे आली होती, पण आर्थिक संकटाने ती बारगळली. पुढे ही वास्तू राष्ट्रीय वारसा ठरली आणि तिला १९५७ चे रूप परत देण्यात आले. आज तिच्या डोक्यावर मर्देका ११८ ही ६७८.९ मीटर उंचीची इमारत उभी आहे आणि तिच्यापुढे स्टेडियमचे साधे पांढरे छत फार ठेंगणे दिसते.

गेल्या वर्षी माझे वडील सांगलीहून आले तेव्हा जुळे मनोरे पाहण्याआधी त्यांनी मर्देकाचा पत्ता विचारला. १५ मार्च १९७५ रोजी भारताने पाकिस्तानला २-१ असे हरवून हॉकीचा विश्वचषक जिंकला तो इथे, आणि त्यांनी तो सामना शेजाऱ्यांच्या रेडिओभोवती दाटीवाटीने बसून ऐकला होता. ध्यानचंद यांचे चिरंजीव अशोककुमार यांचा फटका गोलखांबाच्या आतल्या कोपऱ्याला लागून बाहेर आला, पाकिस्तानी खेळाडूंनी तो गोल नसल्याचा आग्रह धरला, पण पंचांनी गोल दिला. पहारेकऱ्याने आम्हाला थोडा वेळ पायऱ्यांवर बसू दिले. तो गोल कोणत्या बाजूला झाला असेल, हे बाबा दोन्ही टोकांकडे आळीपाळीने पाहत ठरवू लागले. शेवटी त्यांनी त्या दिवशी त्यांच्यासोबत रेडिओ ऐकणाऱ्या सांगलीच्या मित्राला व्हिडिओ कॉल लावला, फोन मैदानाकडे वळवला आणि विचारले, “अरे, हे बघ आणि सांग, कुठल्या बाजूचा खांब तो?”