डेथ व्हॅलीत तंबू: उकाड्याचं सोडा, वाऱ्याचं बघा

थँक्सगिव्हिंगची सुट्टी जवळ आली की कॅलिफोर्नियातली मराठी मंडळी हमखास विचारतात, डेथ व्हॅलीच्या वाळवंटी नॅशनल पार्कात तंबूत झोपायचं म्हणजे उकडून जीव नाही का जायचा? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत ती चिंता नको. डिसेंबरात दरीच्या तळाशी असलेल्या फर्नेस क्रीकला पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो. जुलैत मात्र तिथली दुपार सरासरी ४७ अंशांची असते आणि रात्रही तिशीच्या खाली क्वचितच येते. तेव्हा तंबू माळ्यावरच राहू द्या.

जागा ठरवताना उंची बघा. फर्नेस क्रीकचं कॅम्पग्राउंड समुद्रसपाटीच्या १९६ फूट खाली आहे, मेस्किट स्प्रिंग १,८०० फुटांवर आणि वाइल्डरोज ४,१०० फुटांवर. दर हजार फुटांमागे तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं. फर्नेस क्रीकला स्वेटरवर भागतं त्या रात्री वाइल्डरोजला बाटलीतलं पाणी गोठू शकतं. फर्नेस क्रीकचं हिवाळी आरक्षण सहा महिने आधी उघडतं. लाँग वीकेंड हवा असेल तर तारीख मांडून ठेवा.

खरा वैरी वारा. फेब्रुवारी-मार्चात तर तो तंबू उचलून नेतो. तंबूबरोबर मिळणारे बारीक अ‍ॅल्युमिनियमचे पेग तिथल्या घट्ट खडीत दोन ठोक्यांत वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून १० इंची लोखंडी खिळे घ्या, डोक्याखाली वॉशर घाला म्हणजे दोरी निसटत नाही, आणि हातोडा विसरू नका. खिळा तंबूपासून बाहेर कलता ठोकायचा. वाऱ्याकडे तंबूची अरुंद, बुटकी बाजू करायची, दार उलट्या दिशेला. चारही दोऱ्या बांधायच्याच. नुसता तळ ठोकला तर काठ्या सांध्यापाशी मोडतात. दुरुस्तीची छोटी नळी आणि चिकटपट्टी जवळ असली की मोडलेली काठी रात्र काढते.

आणि धूळ! आतला तंबू जाळीचा असला की बारीक माती आऊटरच्या, म्हणजे वरच्या आवरणाच्या, खालच्या फटीतून शिरते, जाळीतून गाळून थेट उशीवर बसते. निम्म्या उंचीपर्यंत कापड असलेला तंबू घ्या. दिवसा भटकायला निघताना काठ्या काढून तंबू आडवा करा आणि वर पाण्याचे भरलेले कॅन ठेवा. उभा तंबू सोडून गेलेल्यांना तो परतल्यावर झुडपात शोधावा लागतो.

पाणी माणशी रोज चार लिटर निव्वळ प्यायला, स्वयंपाकाचं वेगळं. खिचडीला छोटा कुकर उत्तम, गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं. गॅसच्या डब्यावर बसणारा स्टोव्ह असेल तर चारी बाजूंनी आडोसा लावू नका, डबा तापून फुटण्याचा धोका असतो. आडोसा वाऱ्याच्याच बाजूला, तोही थोडा लांब. जळण गोळा करायला मनाई आहे, लाकडं विकतच न्या.

पेट्रोल पार्कबाहेरच्या रिजक्रेस्ट किंवा पाहरम्प गावात भरून घ्या, आत फार महाग पडतं. फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. निघायच्या सकाळी पार्कच्या संकेतस्थळावर रस्ते बघा: ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळात एका दिवसात २.२ इंच पाऊस झाला आणि पार्क ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद राहिलं. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू टाकू नये तो याचसाठी. पश्चिमेकडून येत असाल तर टाउन पास या खिंडीनंतर जवळपास ५,००० फुटांचा सलग उतार आहे. तिथे गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. सामानाने भरलेल्या गाडीचे ब्रेक सतत दाबत उतरलात, तर पायथ्याची स्टोव्हपाइप वेल्स ही वस्ती यायच्या आतच ते तापून जळका वास सुटतो.