अपेक्षित उत्तर

डी.एड.ला पाठ टाचणाची वही असते. घटक, उद्दिष्टे, पूर्वज्ञान, हेतुकथन असं करत पान खाली उतरतं आणि मग दोन रकाने समोरासमोर येतात. डावीकडे शिक्षकाने विचारायचा प्रश्न, उजवीकडे विद्यार्थ्याचं अपेक्षित उत्तर. ज्या पोराचं तोंडही अजून बघितलेलं नाही, त्याचं उत्तर आदल्या रात्री खोलीवर बसून आपणच लिहून मोकळं व्हायचं. तेही पूर्ण वाक्यात. ‘झाडे आपल्याला प्राणवायू देतात.’ इतकं टापटीप वाक्य मला आजवर एकाही पोराने दिलेलं नाही.

साताऱ्यात तर ‘शिक्षक का व्हायचंय?’ या प्रश्नाचंही अपेक्षित उत्तर तयार असतं: कर्मवीर अण्णा, म्हणजे भाऊराव पाटील. असायलाच हवं म्हणा. १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ला ती साताऱ्यात आणली, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग चालवलं. गांधीजींनी १९२७ साली त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं, हे तर इथे आजीसुद्धा सांगते. त्यामुळे कॉलेजच्या पहिल्या दिवशी सरांनी एकेकाला उभं करून हा प्रश्न विचारला, तेव्हा ओळीने सगळ्यांनी अण्णांचा आदर्श सांगितला. मीही सांगितला. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र उठून म्हणाली, “सर, डी.एड. झालं की स्थळं बरी येतात.” वर्ग खो खो हसला. त्या दिवशी प्रश्नाला उत्तर देणारी ती एकटीच होती, असं आता वाटतं.

माझं खरं उत्तर कोरेगाव तालुक्यातल्या पाऊण एकर आल्याच्या शेतात होतं. आमच्याकडे बारावी झालेल्या पोरापुढे वाटा तीन: मिलिटरी, मुंबईला माथाडीत, नाहीतर डी.एड. भरतीला पळण्यात मी पुढे असायचो, पण टेप लागला की घोडं अडायचं. छाती ७७ सेंटीमीटर लागते आणि वर पाच सेंटीमीटर फुगवावी लागते. मी जीव खाऊन फुगवायचो, फुगायचे ते गाल. वाशीच्या मार्केटातल्या चुलत्यांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि वडिलांना म्हणाले, “ह्याच्यानं पोतं उचलायचं न्हाय.” उरलं डी.एड. आल्याचा दर आमच्याकडे गाडीवर बोलतात, गाडी म्हणजे पाचशे किलो. त्या वर्षी गाडीला दर बरा लागला होता, म्हणून फी निघाली. आदल्या वर्षीसारखा पडला असता, तर आज मला कोणी गुरुजी म्हटलं नसतं.

नोकरी लागली ती शिक्षणसेवक म्हणून. तेव्हा प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना ३००० रुपये मानधन असायचं, तीन वर्षं. पोरगा मास्तर झाला म्हणून वडिलांनी गावभर पेढे वाटले. पगार किती, असं कोणी विचारलं की त्यांना खोकला यायचा.

शाळा मिळाली शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या पलीकडे. साताऱ्याहून कासवरून बामणोलीपर्यंत एसटी, पुढे लाँच, पुढे छातीवरचा चढ. (सप्टेंबरात फुलं बघायला आलेल्या गाड्यांनी कासचा रस्ता भरला की एसटी जागची हलायची नाही आणि लाँच निघून जायची. फुलांबद्दल माझं मत अजून फारसं बरं नाही.) पहिली ते चौथी, दोन शिक्षक. मोठे गुरुजी पहिली-दुसरी बघायचे, तिसरी-चौथी माझ्याकडे.

चौथीला ‘पाणी’ शिकवत होतो. टाचणात प्रश्न होता, पाणी आटले तर काय होईल? अपेक्षित उत्तर: दुष्काळ पडेल. एका मुलीने हात वर केला.

“आमचं गाव दिसंल, गुरुजी.”

मी गप्पच झालो. कोयना धरण झालं १९६०च्या दशकात आणि जुनी गावं पाण्याखाली गेली, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की हिचा आजोबा तिला खाली घेऊन जातो आणि आपल्या घराचं जोतं कुठे होतं ते पावलांनी मोजून दाखवतो, हे कुठल्या पूर्वज्ञानात लिहायचं? इतर पोरांना त्यात नवल काहीच नव्हतं. एकाने तर दुरुस्ती केली, “समदं न्हाय दिसत गुरुजी, लई पाणी उतरलं तरच.” त्यावर दोघांची जुंपली. घंटा झाली तरी वाद मिटला नाही. दुष्काळ हे कोरड्या माण-खटावच्या पोराचं उत्तर. ह्या पोरांची शाळा जून ते सप्टेंबर गळत असायची.

शिकवायची गोडी मला लागली ती तिथे. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहायची सवय लावून घेतली. दिसायला सोपं आहे, पण मास्तराच्या जिभेला ते फार जड जातं. तपासणीला साहेब आले की वही भरलेली लागायची, मग मी पाठ झाल्यावर पोरांनी दिलेली उत्तरंच ‘अपेक्षित’ म्हणून उतरवून ठेवायचो. शेरा यायचा, ‘टाचण समाधानकारक.’ ती उत्तरं त्यांनी वाचली असतील असं वाटत नाही.

आता पुतण्या साताऱ्यात बी.एड. करतो. २०१३ला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा आली, पुढे शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल आलं. छातीच्या टेपपेक्षा त्याच्या वाटेवरचे टेप जास्त आहेत. परवा त्याचं टाचण चाळलं. मोबाइलवरून उतरवलेलं, अपेक्षित उत्तरांसकट.

“अरे, पण पोरगं असं बोललंच नाही तर?”

“बोलतंय की. आदल्या दिवशी पाठ करून घेतो ना आम्ही.”

मग मी त्याला तो आमच्या सरांचा प्रश्न विचारला. शिक्षक का व्हायचंय?

“आधी टीईटी तर निघू दे काका, मग सांगतो,” म्हणाला आणि उरलेले रकाने भरायला लागला.