खळ, हळद आणि हॅनोव्हर

स्टुडिओत पोचल्यावर माझं पहिलं काम शेगडीपाशी असतं. एक वाटी मैदा, पाच वाट्या गार पाणी, गुठळी राहू द्यायची नाही, आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. दुधासारखं पाणी हळूहळू जड होतं, मग एका क्षणी त्याला काचेसारखी झाक येते. लगेच खाली उतरवायचं आणि गाळून घ्यायचं. झाली खळ. इथल्या दुकानात मैदा मागून मिळत नाही, पिशवीवर ४०५ हा आकडा असलेलं पीठ घ्यायचं.

जर्मनीतलं हॅनोव्हर म्हटलं की आपल्याकडे यंत्रांचं मोठं प्रदर्शन आठवतं. मी या गावात कागद चिकटवते. लिंडन भागातल्या एका जुन्या कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं मिळून जागा घेतली आहे. १० नंबरच्या ट्रामनं यायचं, उतरून पाच मिनिटं चालायचं. माझ्या वाट्याला उत्तरेची खिडकी आणि लांब टेबल आलंय. कागद, कापड, रंग, धागा, कधी पत्रा, सगळं एकाच फळीवर येतं म्हणून याला मिक्स मीडिया म्हणायचं. पण दिवसातला निम्मा वेळ जातो तो वाळण्याची वाट बघण्यात. पुठ्ठ्याच्या एका बाजूला ओला कागद लावला की वाळताना तो पुठ्ठ्याला ओढून पन्हाळीसारखा वाकवतो. म्हणून पाठीमागेही तेवढाच कागद लावायचा, वर फळी, फळीवर विटा, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. डिसेंबरात चार वाजताच अंधारतं. तेव्हा खिडकीशी बसून फक्त कागद निवडायचे.

तयार गोंद इथे हवा तेवढा मिळतो. तरी मी खळीवर ठाम आहे. ती पटकन धरत नाही, कागद बोटभर सरकवून बघायला वेळ देते, आणि पुढे कधी चूक कळली तर पाण्यानं सुटते. साताऱ्यात आमच्या घराजवळचे बाइंडरकाका खळीत चिमूटभर मोरचूद घालायचे, कसर लागू नये म्हणून. त्यांच्या डब्यातली ती निळसर झाक मला अजून दिसते. इथे चहाची भांडी आणि माझं पातेलं एकाच मोरीत धुतली जातात, त्यामुळे विषारी मोरचूद नाही. थोडीच करायची, फ्रीजमध्ये ठेवायची, चार दिवसांत संपवायची.

या गावात मी आले ती नोकरीसाठी. इथे चिकटून राहिले ती कुर्ट श्विटर्समुळे. १८८७ साली इथेच जन्मलेला हा माणूस ट्रामची तिकिटं, पाकिटं, लेबलं, फाटक्या जाहिराती चिकटवून चित्रं करायचा. पहिलं महायुद्ध संपून गेलं होतं, सगळं मोडलेलं होतं, आणि त्या तुकड्यांतूनच नवं करायचं असं त्याचं म्हणणं. १९१९ मध्ये त्यानं एका बँकेच्या जाहिरातीतल्या ‘कोमर्त्स’ या शब्दाचा तुकडा कापून चित्रात लावला. त्यात उरलं ‘मेर्त्स’, आणि पुढे आपल्या सगळ्या कामाला त्यानं तेच नाव दिलं. पोट भरायला तो जाहिराती आखून द्यायचा. आपण ज्या पेलिकनची शाई ओळखतो ती कंपनीही याच गावची, तिच्याही जाहिराती त्यानं केल्या. राहत्या घरात त्यानं लाकूड आणि प्लास्टरची एक रचना वाढवत नेली, मेर्त्सबाऊ, तिच्या कोनाड्यांत मित्रांच्या वस्तू ठेवल्या. नाझींच्या काळात, १९३७ मध्ये, तो नॉर्वेला निघून गेला. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात घर आणि मेर्त्सबाऊ दोन्ही गेलं. माशझे तलावाकाठच्या श्प्रेंगेल म्युझियममध्ये जुन्या फोटोंवरून त्यातली एक खोली पुन्हा उभारली आहे. मी तिथे वरचेवर जाऊन नुसती उभी राहते.

पण मला सर्वांत जवळची वाटते ती पुढची गोष्ट. १९४० मध्ये तो ब्रिटनला पोचला, आणि जर्मन म्हणून त्याला आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत ठेवलं. तिथे सामान नव्हतं. म्हणून त्यानं न्याहारीच्या उरलेल्या लापशीचे पुतळे केले. त्यांवर बुरशी चढली, वास सुटला, आणि अर्थातच त्यांतलं काही टिकलं नाही. खळ ढवळताना ही लापशी माझ्या मनात असते. हातात जे आहे त्यातून करायचं, मग ते ताटातलं का असेना.

शनिवारी सकाळी लाइनं नदीच्या काठी जुना बाजार भरतो, १९६७ पासून. समोरच्या काठावर निकी द सेंट फाल या शिल्पकार बाईच्या ‘नाना’, म्हणजे रंगीबेरंगी, गलेलठ्ठ बायकांचे पुतळे, उभ्या आहेत. त्या बाजारातून मी एक घरखर्चाची वही आणली. अक्षर इतकं वळणदार की शेजारच्या टेबलावर माती काम करणाऱ्या जर्मन मैत्रिणीलाही ओ की ठो कळेना. जुनी लिपी आहे ती, आपल्या मोडीसारखीच शाळेतून गेलेली. तिच्या आजीनं मात्र भराभर वाचून दाखवलं: बटाटे, कोळसा, बुटाचे तळवे. ती वही कापायचा धीर मला अजून झालेला नाही.

आणि मग हळद. मागच्या वर्षी आईनं इकडे येणाऱ्या एका मुलाच्या हाती मेतकूट आणि घरची हळद पाठवली. हळद कागदाच्या पुडीत, दोऱ्यानं बांधलेली. वरून प्लॅस्टिक होतं, तरी आत सगळा कागद पिवळा झालेला. पुडी सोडून सपाट केली तर आत कुणाची तरी भूगोलाची उत्तरपत्रिका. महाराष्ट्रातली प्रमुख पिकं, ज्वारीतला ‘ज्वा’ खोडून पुन्हा लिहिलेला, समासात लाल पेनानं दहापैकी सहा. घडीच्या रेघांवर पिवळा गडद, मधे फिका. मी ते पान किती वेळ हातात धरून बसले होते सांगता येत नाही. असे कागद लहानपणी रोज हातात यायचे, शेंगदाणे संपले की चुरगाळून टाकायचे.

ते पान फळीवर लावलं आणि टिकावं म्हणून वरून ॲक्रिलिकचा पारदर्शक थर दिला. ब्रश फिरला तिथे हळद लाल झाली. डोळ्यांदेखत! त्या द्रवात थोडा अमोनिया असतो, तो अल्कली, आणि हळदीला अल्कली लागला की ती लाल होते. चुन्यानं हळदीचं कुंकू होतं ते याच गुणामुळे. सकाळपर्यंत अमोनिया उडून गेला आणि रंग पुन्हा पिवळ्याकडे वळला. पण ती संध्याकाळ माझी झाली. त्यानंतर मी चुन्याची निवळी करून बारीक ब्रशनं त्या उत्तरपत्रिकेच्या ओळी गिरवू लागले, पिवळ्यावर तांबड्या.

पहिली फळी मी खिडकीसमोर टांगली, ही चूक झाली. हळदीला उजेड सोसत नाही. उन्हाळा संपेपर्यंत पिवळा पार उडाला, राहिली फक्त त्या मुलाची निळी शाई. वाईट वाटलं, फार वाटलं. म्युझियमवाले कागदावरची कामं मंद दिव्यात, साधारण ५० लक्सवर का ठेवतात ते तेव्हा अंगी लागलं.

म्हणून आता भिंतीवर काही लावत नाही. पुस्तकं करतेय, घडीची, पूर्वीच्या पुडीसारखी दोऱ्यानं बांधायची. बघायचं असेल त्यानं दोरा सोडायचा, बघायचं, पुन्हा बांधून ठेवायचं. मिटलेल्या पानांत हळद बरीच टिकते. आईला फोन करून आणखी पुड्या मागितल्या तर म्हणाली, आपला वाणी आता पाकिटंच विकतो, पण गावाबाहेरच्या दुकानात अजून कागद आहे, मी जाऊन येते. परवा निरोप आला: “आठ मिळाल्यात. एकीत गणित आहे, चालेल ना?”