पांढऱ्या रश्श्याच्या गावात पांढरी बिअर

कोल्हापुरात ‘पांढरा’ म्हटलं की पुढं रस्साच यायला हवा. त्यामुळं राजारामपुरीतला बिअर शॉपीवाला ‘व्हाइट आहे, बेल्जियन पद्धतीची, स्वस्तातली’ म्हणाला, तेव्हा मला आधी वाटीच आठवली. पिंट साधारण दोन मिसळींच्या भावात. दोन घेतल्या, पेपरात गुंडाळून.

गच्चीवर मित्रानं पेला उजेडासमोर धरला. “भावा, ही गढूळ हाय की. परत देऊन ये जा.”

गढूळच असते ही. बार्लीच्या माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीबरोबर, मोड न आणलेला गहू घालतात आणि शेवटी गाळत नाहीत. यीस्ट तरंगत राहतं. पांढरी म्हणणं मात्र जरा उदारपणाच. ताकाच्या निवळीत चिमूटभर हळद पडावी, असा रंग होता.

वास चांगला. संत्रं सोलताना बोटांना चिकटतो ना, तोच. या बिअरमध्ये कडू संत्र्याची वाळलेली साल आणि धने घालायची जुनी रीत आहे. आता धन्यांच्या बाबतीत आमच्यापुढं कुणी शहाणपणा करू नये. दर उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाल्यासाठी आमच्या घरी धने भाजतात आणि अख्खी गल्ली शिंकते. हे धने कच्चे, नुसते भरडलेले वाटले. थंड असेपर्यंत खपून गेले. पेला कोमट झाल्यावर साबणाच्या वडीची आठवण यायला लागली. फेस दोन मिनिटांत बसला, तेही खटकलं. पण कडवटपणा जवळजवळ नाही, किंचित आंबूस, घशाला हलकी. मी दहापैकी साडेसहा दिले. त्यातला अर्धा किमतीकडं बघून.

मित्राला या बिअरची गोष्ट सांगितली. बेल्जियमच्या हूगार्डन गावची ही खासियत, पण १९५७ साली तिथली शेवटची ब्रुअरीही बंद पडली. पिएर सेलिस नावाचा माणूस पोरवयात शेजारच्या ब्रुअरीत हाताखाली राबलेला. त्यानं १९६६ साली ती बिअर पुन्हा बनवली. मधल्या काळात धंदा काय, तर घरोघरी दूध घालायचा.

“म्हणजे गवळीच की!” मित्र एकदम खूश. गंगावेशीत म्हशीखालचं धारोष्ण दूध उभ्या उभ्या पिऊन वाढलेला गडी तो. तिथून पुढं त्यानं बिअरला नाव ठेवलं नाही.

मग खालून पांढऱ्या रश्श्याची वाटी आली. एक घोट रश्श्याचा, एक हिचा. हिचं पार पाणी झालं. फुटाण्यांबरोबर मात्र बरी जमली.

दुसरी बाटली मी उघडली आणि आपली सरळ ओतायला लागलो. मित्रानं मनगट धरलं.

“थांब की लेका! निम्मी ओतून झाली की बाटली जरा फिरव. खालचा गाळ माझ्या पेल्यात.”