भाव ठरायच्या आधी ऊस

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्या धंद्यातली लग्नसराई. मी एडिसनला असते, न्यू जर्सीत, बारावीतल्या मुलांना कॉलेजचे अर्ज भरायला मदत करते, आणि 1 नोव्हेंबरला बऱ्याच कॉलेजांची 'अर्ली'ची, म्हणजे लवकर अर्ज भरून लवकर निकाल मिळवण्याची, मुदत संपते म्हणून त्या आठवड्यात माझा फोन गरम आणि जेवण थंड असतं. तर त्या रविवारी एक कुटुंब आलं. आई, बाबा, मुलगी, आणि सोबत शिरोळ तालुक्यातून 3 महिन्यांसाठी आलेले आजोबा. (घरी एकटे कशाला बसायचे म्हणून आणले होते, हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं.)

बाबांनी बसल्या बसल्या लॅपटॉप उघडला. एक्सेल! प्रत्येक आयटीवाल्या बापाकडे ही फाइल असतेच. त्यात पेनचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ पेन्सिल्व्हेनियाचे, 2020 च्या सीझनचे आकडे. अर्ली डिसिजनला (म्हणजे 'घेतलं तर येणारच' असं कबूल करून भरायचा लवकरचा अर्ज) 7,962 अर्ज, त्यातले 1,194 घेतले, म्हणजे 15 टक्के. सगळे मिळून 56,333 अर्ज आणि 3,202 प्रवेश, 5.68 टक्के. "म्हणजे ताई, नुसतं लवकर भरलं की चान्स जवळजवळ तिप्पट, बरोबर ना? मग हिचा नक्की किती धरू?"

हा प्रश्न मला वर्षाला शंभर वेळा येतो आणि दर वेळी मी तेच सांगते. अर्लीवाले वजा केले तर रेग्युलरचा, म्हणजे नंतरच्या नेहमीच्या फेरीचा, चान्स 4 टक्क्यांच्या आसपासच उरतो, म्हणजे तुमचा फरक आणखी मोठा दिसेल, पण त्या 15 टक्क्यांत कोण कोण बसलंय ते बघा. कोचने आधीच हेरलेले खेळाडू तिथे असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, आणि ज्यांची तयारी ऑगस्टमध्येच झालीये अशी पोरं असतात. अर्ली भरण्याचा फायदा नाही असं मी म्हणत नाही, आहे, कारण येणारच अशी खात्री असलेलं पोरगं कॉलेजला हवंच असतं, आणि पेनसारखी कॉलेजं निम्म्याच्या आसपास वर्ग अर्लीतूनच भरतात. पण तो फायदा तिप्पट नाही.

मग मुलीचा कागद बघितला. सॅट या प्रवेश परीक्षेत 1600 पैकी 1510, मार्क उत्तम, एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय 8, शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट. नेव्हिअन्सवरचा, म्हणजे शाळेतल्या आधीच्या मुलांचे निकाल दाखवणाऱ्या वेबसाइटवरचा, ठिपक्यांचा आलेख काढला, तिथे तिच्या आसपासच्या ठिपक्यांत हिरवे (घेतलेले) थोडे आणि लाल (नाकारलेले) भरपूर. आमच्या भागातल्या शाळांत असंच असतं, अशाच कागदाची आणखी 20 मुलं त्याच वर्गात बसलेली असतात. मी म्हटलं, जमू शकतं, पण टक्का मी सांगणार नाही.

मग कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, उघडलं आणि नागरिकत्वाच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. तिथे 'भारत' होतं. व्हिसा एच-4, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या बायकामुलांचा.

पोरगी 4 वर्षांची असताना पुण्याहून आली, अख्खी शाळा इथे, मराठी बोलताना अडखळते, आणि आमची पहिली फोनवरची बैठक झाली तेव्हा बाबांनी हे सांगितलंच नव्हतं, कारण त्यांच्या डोक्यात 'आम्ही 13 वर्षं इथे टॅक्स भरतोय' एवढंच होतं. ग्रीन कार्डची रांग चालू आहे, तारीख काही लागत नाही, हे आमच्याकडे निम्म्या घरांत आहे. पण फीसाठीच्या आर्थिक मदतीच्या हिशोबात अशी मुलं आंतरराष्ट्रीय धरली जातात. सरकारी मदत नाही. आणि पेन अमेरिका, कॅनडा, मेक्सिकोच्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना निवडताना पैशाची गरज बघत नाही, बाकीच्यांची मात्र बघतं. म्हणजे मदत मागितली की चान्सवर परिणाम होऊ शकतो. बाबांच्या एक्सेलमध्ये हा कॉलमच नव्हता.

"पण मी तर इथलीच आहे," ती म्हणाली. तेवढंच. आई तिच्या पाठीवर हात ठेवून बसली आणि मला काय बोलावं ते सुचेना, मी उगाच माऊस हलवत राहिले.

बाबा मात्र लगेच नव्या गणितात शिरले. "मग मदत नको असं टिक करू ना. चान्स वाढेल. एकदा आत गेली की दुसऱ्या वर्षी मागू."

मी समजावलं की अर्ली डिसिजन बांधील असतं, मुलगी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर तिघांची सही लागते, घेतलं तर जायचं आणि बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. आणि सुरुवातीला मदत नको म्हणालेल्या परदेशी मुलाला बऱ्याच कॉलेजांत नंतर मिळत नाही. आणि खर्च तेव्हा वर्षाला 85-90 हजार डॉलरच्या घरात, असे 4 वर्षं.

इतका वेळ गप्प असलेले आजोबा मुलाला म्हणाले, "म्हंजे भाव जाहीर व्हायच्या आदीच ऊस घालायचा, आन् तोबी एकाच कारखान्याला?"

मी हसले, आणि मग हसू थांबलं कारण ते अगदी तेच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दरवर्षी भांडण याच गोष्टीचं असतं, पहिली उचल, म्हणजे उसाचा पहिला हप्ता, जाहीर करा मगच कोयता लागेल. गंमत म्हणजे गाळप हंगामही आमच्या 1 नोव्हेंबरच्याच आगेमागे सुरू होतो.

"आन् भाव न्हाई पटला तर ऊस परत आणता येतो का पोरी?"

इतक्या वर्षांत एवढा नेमका प्रश्न मला कुठल्या पालकाने विचारला नव्हता. मी सांगितलं, आजोबा, मदत मागितली आणि ती पुरेशी मिळाली नाही तर सोडता येतं, ती एक वाट ठेवलेली आहे. पण मदत मागितलीच नाही तर 'परवडत नाही' म्हणायला तोंड कुठे राहतं?

"मग ह्यो वाकडचा फ्लॅट इकायचा म्हन." ते मुलाकडे बघत नव्हते, चकलीच्या डब्याकडे बघत होते. बाबांनी लॅपटॉप अर्धा मिटला. फ्लॅटचं मला माहीत नव्हतं, आणि चेहऱ्यावरून वाटलं की त्या मुलीलाही नव्हतं.

पुढचा पाऊण तास पैशांवर बोललो, चान्सचं कोणी काढलंच नाही. मुलीनेच शेवटी विचारलं की बांधील नसलेलं काय काय आहे, आणि रटगर्सची अर्ली ॲक्शन, तीही 1 नोव्हेंबरचीच, तिथल्या तिथे भरायला घेतली. पेन रेग्युलरमध्ये ठेवलं, मदत मागून.

मार्चअखेर पेनचा नकार आला. रटगर्सचं आधीच आलं होतं, ती तिथे जाते. बाबांचा त्या रात्री मेसेज, "अर्ली केलं असतं तर?" मी तीनदा टाइप करून खोडलं आणि शेवटी लिहिलं, माहीत नाही.

आजोबा डिसेंबरातच परत गेले होते. निकाल कळवायला नातीने फोन केला तेव्हा त्यांनी आधी हे विचारलं म्हणे, की फ्लॅट ऱ्हायला का.