अक्काची तपासणी, आणि माझीही

माझी थोरली बहीण अक्का. वय ७८, खटाव तालुक्यात दिलेली. दुधाचा हिशेब तिच्या तोंडी असायचा. डेअरीत सकाळी किती लिटर घातलं, संध्याकाळी किती, फॅट किती लागली, दहा दिवसांचं बिल किती यायला हवं, सगळं. तिला वही वाचता येत नाही, आणि वहीची गरजही कधी पडली नाही. गेल्या दिवाळीच्या सुमारास हा हिशेब चुकायला लागला. मग तोच तो प्रश्न तासाभरात चारपाचदा. भाजीत दोनदा मीठ. पाटल्या तिनं स्वतःच धान्याच्या कणगीत लपवल्या आणि सुनेनं घेतल्या म्हणून तिच्यावर आळ घेतला. सूनबाईचा मला फोन आला, "मावशी, आत्यांचा स्वभाव असला नव्हता. काहीतरी बिघडलंय."

गावाचं म्हणणं, वय झालं की असं व्हायचंच. तालुक्याच्या एका डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि झोपेची गोळी लिहून दिली. मला ते पटलं नाही. मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय आणि नव्वदीला टेकलेली, पण डोकं शाबूत असलेली माणसं मी गावोगाव पाहिली आहेत. म्हातारपणात शब्द आठवायला वेळ लागतो हे खरं, पण जन्मभर बोटांवर असलेलं काम हातून निसटणं वेगळं. भाच्याशी बोलून आम्ही अक्काला पुण्यातल्या एका रुग्णालयात न्यायचं ठरवलं. तिथं ज्येष्ठांसाठी वेगळी ओपीडी आहे.

जाण्याआधी फोनवर तिथल्या सिस्टरांनी जे सांगितलं त्याचा फार उपयोग झाला. पेशंटबरोबर रोज राहणारं माणूस आणा, नुसता गाडी चालवणारा नको. घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्यासुद्धा. चष्मा विसरू नका. पहिल्या दिवशी उपाशी येऊ नका, उपाशीपोटी द्यायचं रक्त नंतर बघू. सूनबाईनं एक वही घातली. "विसरतात" असं मोघम न लिहिता तिनं काय घडलं तेवढंच लिहिलं: मंगळवारी गॅस चालू ठेवून रानात गेल्या, शुक्रवारी डेअरीहून येताना वाट चुकल्या, नातवाला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारली. डॉक्टरांनी ती वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली.

मग पिशवी टेबलावर उपडी केली. साखरेची मेटफॉर्मिन, पित्ताची गोळी, नवी झोपेची गोळी, आणि सर्दीची एक साधी गोळी. ती अक्का "निजायला बरं पडतं" म्हणून रोज रात्री घ्यायची. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं की सर्दीच्या जुन्या गोळ्या मेंदूतल्या ॲसिटिलकोलिनचं काम अडवतात, आणि आठवणीसाठी तेच रसायन लागतं. झोपेच्या गोळीनंही म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढतो, तोल जातो. सर्दीची गोळी त्याच दिवशी बंद झाली. झोपेची मात्र एकदम बंद करायची नसते, ती हळूहळू कमी करून दिली.

त्यानंतर त्यांनी बॅटरी घेऊन कानात पाहिलं. दोन्ही कान मळानं भरलेले! ते साफ होईपर्यंत आठवणीची चाचणी घेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. माणसाला प्रश्नच ऐकू आला नाही तर उत्तर चुकीचं कसं धरायचं? एवढी साधी गोष्ट, पण त्याआधी कुणी केली नव्हती.

चाचणीच्या वेळी मला शेजारी बसू दिलं, पण मधे बोलायचं नाही या अटीवर. आता मला ज्यासाठी हे लिहायचंय तिथं येते. आठवणीच्या ज्या चाचण्या जगभर वापरतात त्यात वाचायचं असतं, वाक्य लिहायचं असतं, शंभरातून सात-सात वजा करायचे असतात. शाळा धड न झालेल्या बाईला असा पेपर दिला तर ती धडधाकट असतानाही नापास होईल. हरियाणातल्या बल्लभगढला भारत आणि अमेरिकेच्या संशोधकांनी मिळून या अडचणीवर काम केलं आणि न शिकलेल्यांसाठी वेगळी चाचणी बेतली. १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली, हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन या नावानं. अक्काला त्याच धर्तीचे प्रश्न मराठीत विचारले. विसातून तीन-तीन वजा करत जा. मी डोळे मिटते तसे मिटा. तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा. महिना विचारल्यावर अक्का ठामपणे "मार्गशीर्ष" म्हणाली, आणि ते बरोबर धरलं. वजाबाकी चौदापर्यंत आली आणि थांबली. तीन वस्तूंची नावं सांगितली होती, ती थोड्या वेळानं विचारली तर एकही आठवेना. "त्यातलं एक फळ होतं," असा धागा देऊनही नाही. धागा दिल्यावर आठवलं तर आठवण आत आहे, फक्त सापडत नाही. धाग्यानंही येत नसेल तर ती नीट साठलीच नाही, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

अक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "मला कुठं शाळा आली, बाय?"

अक्का दुसरीत असताना माझा जन्म झाला. आई रोजगाराला जायची, म्हणून मला सांभाळायला अक्काला शाळेतून काढलं. मी तिच्या कडेवर वाढले आणि पुढं मास्तरीण झाले. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या आयोगाचा २०२४ चा अहवाल मी वाचलाय. डिमेन्शियाचा, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू ढासळण्याचा, धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्यासारख्या १४ गोष्टी त्यात दिल्यात, आणि त्या सगळ्या टाळता आल्या तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया रोखता किंवा लांबवता येईल असा त्यांचा अंदाज आहे. बहिरेपण, मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, एकटेपणा हे त्यात आहेच. आणि लहानपणी कमी शिक्षण हेही आहे. आपल्याकडं मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या सहभागानं म्हातारपणाविषयी 'लासी' नावाची मोठी पाहणी झाली. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांना भेटले. त्यातल्याच साठीपुढच्या काही जणांच्या सखोल तपासणीवरून २०२३ मध्ये अंदाज आला, की देशात साठीपुढच्या शंभरातल्या सातांहून थोड्या जास्त लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, डिमेन्शिया आहे. प्रमाण बायकांत जास्त, खेड्यात जास्त, न शिकलेल्यांत जास्त. हे वाचताना माझ्यासमोर अक्काच होती. परकर-पोलक्यातली, मला कडेवर घेतलेली. शाळा सुटलेल्या पोरींची यादी मी नोकरीत असताना दर जूनमध्ये करायचे, घरोघर जाऊन आईबापांशी भांडायचे. ते भांडण त्यांच्या म्हातारपणासाठीही होतं हे आता कळतंय.

शाळा कमी झाली असली तरी चाचणीत गुण कमी पडतात, म्हणून नुसत्या गुणांवर निदान करत नाहीत. सूनबाईला दुसऱ्या खोलीत नेऊन बराच वेळ प्रश्न विचारले. आधी जमायची अशी कोणती कामं आता जमत नाहीत? कपडे, अंघोळ, पैसे, चूल, वाट? स्वभाव कधीपासून बदलला? हळूहळू की एकदम? एकदम, दोनचार दिवसांत बिघडलं असतं तर आधी लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम बिघडणं, न्यूमोनिया असलं काही शोधलं असतं. रडू येतं का, जेवण उडालंय का, हेही विचारलं, कारण वयस्कर माणसाचं नैराश्य पुष्कळदा विसरण्याच्या रूपात दिसतं.

मग शरीराची तपासणी. या विभागात बरोबर आलेलं माणूस साठीपुढचं असेल तर त्याचीही करतात, म्हणून माझीही झाली. हातात एक यंत्र देऊन जोरानं मूठ दाबायला लावली. चार मीटर नेहमीच्या चालीनं चालायचं. हातांची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं. एका पावलापुढं दुसरं पाऊल ठेवून उभं राहायचं. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेली मर्यादा अशी की बायकांची पकड १८ किलोच्या खाली, पुरुषांची २८ च्या खाली, चाल सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी किंवा पाच उठबशांना १२ सेकंद किंवा त्याहून जास्त, तर स्नायूंकडं लक्ष द्यायला हवं.

अक्काची पकड २१ भरली. जन्मभर धारा काढलेले हात ते. माझी भरली १५, आणि उठबशांना १६ सेकंद लागले. वजन वर्षभरात चार किलोंनी उतरलेलं, म्हणजे माझ्या मूळ वजनाच्या आठ टक्के. हे गेल्यापासून रात्री एकटीसाठी स्वयंपाक करायचं मन होत नाही, दूध-पोळीवर भागतं. डॉक्टरांनी कागदावर पाच गोष्टी लिहिल्या. अमेरिकेतल्या डॉक्टर लिंडा फ्रीड यांच्या गटानं २००१ मध्ये मांडलेल्या या पाच खुणा: आपोआप घटलेलं वजन, सततचा थकवा, कमी झालेली पकड, मंदावलेली चाल, कमी झालेली हालचाल. तीन किंवा जास्त असल्या तर फ्रेल्टी, म्हणजे वयामुळं शरीर कमकुवत होणं, एक-दोन असल्या तर तिच्या उंबरठ्यावर. माझ्या दोन निघाल्या. माझी आठवण वयाच्या मानानं चांगली. पण फ्रेल माणूस साध्या तापानं अंथरूण धरतो, पडतो, हाड मोडतं, आणि त्याला पुढं डिमेन्शिया होण्याचा धोकाही जास्त असतो, म्हणून डॉक्टर मेंदू आणि स्नायू एकत्रच बघतात. या टप्प्यावरून माघारी येता येतं, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

एमआरआयच्या दिवशी वेगळीच अडचण आली. अंगावर धातू चालत नाही. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, हयात आहेत, आणि मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर ती हटून बसली. सूनबाई हे ओळखून होती. तिनं पिशवीतून दोऱ्यात बांधलेलं हळकुंड काढलं, आधी ते अक्काच्या गळ्यात बांधलं आणि मग मंगळसूत्र उतरवलं. जोडव्यांच्या जागीही दोरा गुंडाळला. तंत्रज्ञानं काही खळखळ केली नाही. आतल्या धडधड आवाजाची कल्पना आधी देऊन ठेवली होती, त्यामुळं ती स्वस्थ पडून राहिली. ज्यांच्या घरी अशी वेळ येईल त्यांनी हळकुंड घरूनच न्यावं.

रक्तात बी-१२ जीवनसत्त्व खूपच कमी निघालं. अक्का माळकरी, दूध विकायचं म्हणून घरात प्यायचं बेताचंच, त्यात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी. दोन्हींनी बी-१२ कमी होतं. पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं मध्यमवयीन पुरुष तपासले होते, त्यात दोनतृतीयांशांचं बी-१२ कमी निघालं होतं. म्हणजे ही घरोघरची गोष्ट आहे. थायरॉईड ठीक होतं. कान साफ करूनही दोन्ही कानांनी मध्यम बहिरेपण. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी साठवणारा भाग, आकसलेला आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या जुन्या खुणा.

निदानाचा शिक्का लगेच मारला नाही. तीन महिने बी-१२ ची इंजेक्शनं, कानाला मशीन, गोळ्यांची काटछाट, रक्तदाब-साखर ताब्यात, आणि मग पुन्हा चाचणी. त्या तीन महिन्यांत अक्का बरीच सावरली. मशीन लागल्यावर ती पुन्हा भजनाला जाऊन बसायला लागली. दाजींशी बोलायला लागली, आळ घेणं थांबलं. पण तीन नावं पुन्हा आठवली नाहीत. अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा नेहमी आढळणारा प्रकार, सुरुवातीच्या टप्प्यात आहे, जोडीला रक्तवाहिन्यांचाही भाग आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. डोनेपेझिल नावाचं औषध रात्री ५ मिलिग्रॅमपासून सुरू केलं. त्यानं आजार बरा होत नाही, काही काळ कामकाज टिकायला मदत होते. मळमळ आणि नाडी मंद होणं यांवर लक्ष ठेवायला सांगितलंय.

भाच्याचं म्हणणं होतं, आईला सांगायला नको. मी आग्रह धरला, सांगायचं. तिचं आयुष्य आहे, आणि अजून तिला समजतंय. डॉक्टरांनी तिच्या भाषेत सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हंजी ही माझी खोड न्हाई, दुखणं हाय. सूनबाईला सांगा." सूनबाई तिथंच होती.

समजतंय तोवर व्यवहार मार्गी लावा, हा डॉक्टरांचा सल्ला आम्ही ताबडतोब पाळला. तिच्या नावच्या दीड एकराचं तिला काय करायचंय ते तिच्याच तोंडून ऐकून इच्छापत्र केलं. त्या वेळी ती समजून-उमजून बोलत होती असा डॉक्टरांचा दाखला त्याला जोडला. बँकेत नॉमिनीचं नाव लावलं. ही कामं लांबली की पुढं घरात भांडणं आणि कोर्ट.

माझं म्हणाल तर रोज खुर्चीतून उठबशा, आठवड्यातून तीनदा पाण्याच्या बाटल्या उचलून व्यायाम, आणि रात्री मुगाचं धिरडं, अंडं नाहीतर पनीर. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, असं सांगितलंय. पकड गेल्या वेळी १७ भरली.

अक्काच्या गावातल्या आशाताईंशीही बोलून आले. तिशीपुढच्या सगळ्यांचा जो फॉर्म त्या घरोघर भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी चालताना तोल जातो का, रोजच्या कामात मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, असे प्रश्न आहेत. ते म्हाताऱ्या माणसाला एकट्याला विचारले की "छे, मला काय झालंय" एवढंच उत्तर येतं. सुनेला किंवा लेकाला शेजारी बसवून विचारा, एवढी विनंती मी त्यांना केली. त्यांनी पुढच्या आठवड्यापासून तसं करायचं कबूल केलंय, आणि पहिल्या चार घरांना मी बरोबर जाणार आहे.